बाप्तिस्म्यासाठी गॉडफादर आणि गॉडमदर कोण होऊ शकतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचे उत्तर इतर पालकांनाही नीट लागेल. तुम्ही दहिसरच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या मराठी भाषक, कॅथलिक कुटुंबातल्या आहात, तुमचे पती हिंदू आहेत, आणि तुमचा विवाह बिशपांकडून रीतसर सूट घेऊन चर्चमध्ये झाला आहे. तीन महिन्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी गॉडफादर म्हणून मोठे दीर आणि गॉडमदर म्हणून धाकटी बहीण अशी नावे घरात ठरली, दोघांना शब्दही दिला गेला, आणि मग पॅरिशच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, कार्यालयात फादरांनी दोन्ही नावांना नकार दिला. बहिणीने दोन वर्षांपूर्वी एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केले आहे. दुबईतला मामेभाऊ गॉडफादर व्हायला तयार आहे, पण त्या दिवशी त्याला येता येणार नाही. नियम खरोखरच असे आहेत की आमचे फादरच अडून बसले आहेत, आणि सासरी बारसे होऊन ‘ओवी’ हे नाव ठेवले गेल्यामुळे काही अडचण येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मुंबईच्या उत्तरेकडील एका पॅरिशमध्ये पालकांचे आणि गॉडपेरेंट्सचे तयारीवर्ग मी वीसहून अधिक वर्षे घेत आले आहे, आणि निम्म्याहून अधिक रुसवेफुगवे याच एका कारणाने झालेले पाहिले आहेत : नावे आधी ठरतात, नियम नंतर कळतात. म्हणून निष्कर्ष आधीच सांगते. तुमचे फादर अडून बसलेले नाहीत. दीर गॉडफादर होऊ शकत नाहीत, बहीण आजच्या परिस्थितीत गॉडमदर होऊ शकत नाही, मामेभाऊ गैरहजर असूनही होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे गॉडफादर व गॉडमदर अशी जोडी असलीच पाहिजे, अशी सक्ती चर्चने केलेली नाही.

लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांना, म्हणजे मुंबईच्या महाधर्मप्रांतातल्या बहुतेक सर्व पॅरिशना, १९८३ची कॅनन कायद्याची, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्याची, संहिता लागू आहे. तिच्या ८७२ ते ८७४ या तीन कलमांत गॉडपेरेंटचा विषय जवळजवळ पूर्ण येतो. शक्य असेल तिथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला एक गॉडपेरेंट असावा. तो पुरुष असेल किंवा स्त्री असेल, अथवा एक पुरुष आणि एक स्त्री असे दोघे असतील. दोन मावश्या किंवा दोन काका चालत नाहीत, तीन-चार जणांची यादी तर नाहीच. हा आकडा आजकालचा नाही. मध्ययुगात श्रीमंत घराण्यांत गॉडपेरेंट्सची रांग लागत असे, तिला १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने आळा घातला आणि एक किंवा फार तर दोन ही मर्यादा घालून दिली.

आता पात्रता. गॉडपेरेंटची निवड पालकांनी केलेली असावी, आणि ती जबाबदारी पेलण्याची त्या व्यक्तीची योग्यता व इच्छा असावी. तिने वयाची सोळा वर्षे पूर्ण केलेली असावीत. बिशपांनी वेगळी वयोमर्यादा ठरवली असेल किंवा योग्य कारणासाठी फादरांनी अपवाद केला असेल तर गोष्ट निराळी, त्यामुळे पंधरा वर्षांच्या समंजस भाच्यासाठी विचारून पाहायला हरकत नसते. ती व्यक्ती कॅथलिक असावी, तिला दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) हे संस्कार मिळालेले असावेत, आणि तिचे जगणे या भूमिकेला साजेसे, श्रद्धेचे असावे. चर्चने तिच्यावर कोणतीही दंडात्मक कारवाई केलेली नसावी. शेवटची अट म्हणजे ती बाळाची आई किंवा वडील नसावी. आईवडिलांना गॉडपेरेंट होता येत नाही हे ऐकून अनेकांना नवल वाटते, पण हा निर्बंध इ. स. ८१३च्या माइंझ येथील धर्मसभेपासूनचा आहे, आणि त्यामागचे कारण साधे आहे : पालकांची जबाबदारी मुळातच आहे, तिच्यात आणखी एका माणसाची भर पडावी. आजीआजोबा, मामा, मावशी, थोरला भाऊ किंवा बहीण यांना मात्र काहीच आडकाठी नाही. निवडलेले दोघे एकमेकांचे नवरा-बायको असण्याचीही गरज नसते.

या अटींकडे सन्मानाच्या यादीतली गाळणी म्हणून पाहिले की त्या जाचक वाटतात. गोव्याकडून आलेल्या घरांत पाद्रीन-माद्रीन म्हणा किंवा आपल्याकडे गॉडफादर-गॉडमदर म्हणा, शब्द जिव्हाळ्याचे असल्यामुळे ज्याचा मान राखायचा त्याला तो द्यायचा, अशी आपली रीत पडली आहे. मूळ काम मात्र वेगळे होते. पहिल्या काही शतकांत, छळाच्या काळात, ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या प्रौढ माणसाबद्दल समाजापुढे ग्वाही देणारा कोणीतरी लागे : हा माणूस खरा आहे, याला मी ओळखतो, याच्या श्रद्धेची वाट मी याच्याबरोबर चाललो आहे. बाळाच्या बाप्तिस्म्यात बाळ बोलू शकत नाही, म्हणून श्रद्धेची कबुली पालक आणि गॉडपेरेंट देतात. सैतानाचा त्याग करता का, पित्यावर, पुत्रावर आणि पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, या प्रश्नांना ते स्वतःच्या श्रद्धेतून उत्तर देतात. बाळाच्या वतीने पाठ केलेली वाक्ये म्हणत नाहीत.

तुमचे दीर कितीही प्रेमळ असले तरी ‘होय, माझा विश्वास आहे’ हे उत्तर त्यांच्याकडून घेणे म्हणजे त्यांना त्यांच्या मनाशी खोटे बोलायला लावणे होईल, आणि त्यांच्या स्वतःच्या धर्माचाही त्यात मान राहणार नाही. त्यांना हे समजावताना ‘तुम्ही हिंदू म्हणून चालत नाही’ असे म्हणू नका, त्यांना कोणत्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले असते ते सांगा. माझा अनुभव असा की सुजाण माणूस हे पटकन समजतो, आणि नाराज होतो तो बहुधा मधल्या निरोप्यामुळे. ते चर्चमध्ये कुटुंबाबरोबर पुढे बसू शकतात, फोटोत असू शकतात. त्यांच्यासाठी काही वेगळी योजना असावी असे वाटत असेल तर ते फादरांशी आधी बोलून ठरवा, ऐन वेळी नको.

‘साक्षीदार’ या शब्दावरून बराच गोंधळ होतो, म्हणून त्याबद्दलही सांगते. दुसऱ्या ख्रिस्ती संप्रदायातला बाप्तिस्मा घेतलेला माणूस, उदाहरणार्थ चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा सदस्य, एका कॅथलिक गॉडपेरेंटच्या बरोबरीने ‘ख्रिस्ती साक्षीदार’ म्हणून उभा राहू शकतो. ऑर्थोडॉक्स चर्चचा सदस्य तर कॅथलिक गॉडपेरेंटसोबत योग्य कारणासाठी गॉडपेरेंटही होऊ शकतो, असे १९९३च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक निर्देशिकेत म्हटले आहे. बाप्तिस्मा न घेतलेल्या व्यक्तीला यांपैकी कोणतीच भूमिका देता येत नाही. बाप्तिस्मा झाला एवढे सिद्ध करणारा साक्षीदार ही मात्र निराळी गोष्ट आहे. गॉडपेरेंट मिळालाच नाही तर ती गरज पडते, आणि तुमच्या बाबतीत ती पडणार नाही.

बहिणीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कॅथलिक व्यक्तीने चर्चची विधिवत पद्धत सोडून, सूट न घेता, केवळ रजिस्ट्रारपुढे लग्न केले तर देशाच्या कायद्याने, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार, ते पूर्ण वैध असते, पण चर्चच्या दृष्टीने तो विवाह वैध ठरत नाही. म्हणून ‘या भूमिकेला साजेसे श्रद्धेचे जगणे’ ही अट तिथे अडते. यात तिच्या चारित्र्याचा निवाडा कोणी करत नाही, आणि फादरांनी तसे सुचवले असेल तर ते त्यांचे बोलण्याचे चुकले. घटस्फोट झाला म्हणून कोणी अपात्र ठरत नाही, हेही या निमित्ताने सांगते, कारण वर्गात येणाऱ्या अनेक स्त्रिया विनाकारण मान खाली घालून बसलेल्या असतात. चर्च पाहते ते घटस्फोटानंतर चर्चबाहेर दुसरे लग्न झाले आहे का, एवढेच.

तुमच्या बहिणीसाठी मार्ग बंद नाही. पतीची तयारी असेल तर आवश्यक सूट घेऊन साधेपणाने, घरच्या चार माणसांत, विवाह नियमित करता येतो. पती प्रामाणिक आहे, संसार नीट चालला आहे, पण पुन्हा विधी नको असे तो म्हणत असेल, तर कॅनन कायद्यात मूळ संमतीलाच वैधता देण्याची तरतूद आहे. ती बिशप देऊ शकतात, आणि तिच्यासाठी त्या दोघांनी पुन्हा विधीला उभे राहावे लागत नाही. त्यांची मूळ संमती आजही टिकून असली पाहिजे, हे मात्र चर्च पाहते. अनेक कुटुंबांना ही तरतूद ठाऊकच नसते. यात वेळ जातो, कागदपत्रे लागतात, म्हणून मुलीचा बाप्तिस्मा त्यासाठी अडवून धरू नका. पण बहिणीला मनापासून गॉडमदर व्हावेसे वाटत होते, तर तिने फादरांकडे जाऊन आपल्या लग्नाबद्दल बोलण्याचे हे चांगले निमित्त आहे. दृढीकरणाच्या संस्कारालाही एक प्रायोजक, म्हणजे गॉडपेरेंटसारखा पाठीशी उभा राहणारा माणूस, लागतो, आणि तो बाप्तिस्म्याच्या वेळचाच असावा असे कायदा सुचवतो, सक्ती करत नाही. तोपर्यंत बहिणीचे लग्न नियमित झालेले असेल तर त्या वेळी मावशी भाचीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहू शकेल.

मामेभावाचे काय? गैरहजर गॉडपेरेंटच्या जागी प्रतिनिधी उभा करण्याची रीत चर्चमध्ये जुनी आहे, आणि आखाती देशांत निम्मे घरदार असलेल्या आपल्या पॅरिशमध्ये तर ती नित्याची आहे. प्रतिनिधी केवळ त्या दिवसापुरता असतो. नोंदवहीत गॉडफादर म्हणून मामेभावाचेच नाव लागते आणि प्रतिनिधीचे नाव तसे स्पष्ट करून लिहिले जाते. मामेभावाने आपली संमती लेखी कळवावी. मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलवरून त्याने उत्तरे दिली म्हणजे प्रतिनिधीची गरज उरत नाही, हा समज चुकीचा आहे. कॉल जरूर लावा, पण चर्चमध्ये प्रत्यक्ष माणूस उभा हवा.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर मामेभावाबरोबर तुमच्या आईला गॉडमदर करा. त्या जवळच राहतात, रोज रोझरी म्हणतात असे तुम्हीच लिहिले आहे, आणि मिश्र विवाहाच्या घरात मुलीला प्रार्थना शिकवणारे दुसरे माणूस हाताशी असणे फार मोलाचे असते. आजी म्हातारी, तिला कशाला, असा विचार आपल्याकडे सर्रास होतो. मला तो पटत नाही. वर्षातून एकदा चॉकलेटचा डबा घेऊन येणाऱ्या तरुण गॉडफादरपेक्षा संध्याकाळी क्रुसाची खूण करायला शिकवणारी आजी त्या भूमिकेला अधिक साजेशी आहे. आणि आईंनी नकार दिला तर एकट्या मामेभावाच्या नावावरही बाप्तिस्मा पूर्ण, यथासांग होतो.

कागदपत्रांत सगळ्यांत उपयोगी कागद म्हणजे गॉडपेरेंटच्या बाप्तिस्म्याचा ताजा दाखला, आणि घरात लॅमिनेट करून ठेवलेला जुना दाखला फादर का नाकारतात, याचे उत्तरही तिथेच आहे. कॅथलिक माणसाचे दृढीकरण बोरिवलीत झाले, लग्न गोव्यात झाले, तरी त्या सगळ्याची सूचना त्याचा बाप्तिस्मा जिथे झाला त्या पॅरिशकडे परत जाते आणि त्याच मूळ नोंदीच्या बाजूला लिहिली जाते. त्यामुळे नव्याने काढलेल्या एका दाखल्यावर दृढीकरण झाले आहे का आणि विवाह चर्चमध्ये नोंदला आहे का, हे दोन्ही दिसते. मामेभावाचा बाप्तिस्मा मुंबईतलाच असेल तर तुमच्यापैकी कोणी त्याचे अधिकारपत्र घेऊन तो दाखला काढू शकेल. मुलीचा महापालिकेचा जन्मदाखला, तुमच्या चर्च-विवाहाचा दाखला, आणि बाप्तिस्मा स्वतःच्या पॅरिशबाहेर करायचा असेल तर तुमच्या फादरांचे परवानगीपत्र, एवढे बहुधा पुरते; तरी प्रत्येक पॅरिशचा फॉर्म आणि तयारीवर्गाचे दिवस वेगळे असतात, म्हणून कार्यालयात एकदा विचारून घ्या. केरळच्या सिरो-मलबार परंपरेतले मित्र कोणी निवडत असेल तर तेही कॅथलिकच आहेत, त्यांना हरकत नाही. फक्त त्यांच्या पौर्वात्य संहितेत, म्हणजे पूर्वेकडील कॅथलिक परंपरांच्या वेगळ्या कायद्यात, गॉडपेरेंट आणि बाळ, तसेच गॉडपेरेंट आणि बाळाचे आईवडील, यांच्यात विवाहाला बाधा येणारे आध्यात्मिक नाते आजही मानले जाते, जे लॅटिन संहितेने १९८३ मध्ये वगळले.

पतींबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण फादर विचारतील. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी पालकांपैकी किमान एकाची संमती आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल याची रास्त आशा, या दोन गोष्टी कायद्याला हव्या असतात. लग्नाच्या वेळी तुम्ही मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिले आहे, आणि त्या वचनाची कल्पना तुमच्या पतींना तेव्हाच दिली गेली आहे. तरीही त्यांना तयारीवर्गाला सोबत आणा. विधीत त्यांना श्रद्धेची कबुली द्यावी लागत नाही, त्या प्रश्नांच्या वेळी ते शांत राहू शकतात. मुलीला या श्रद्धेत वाढू देण्याची तयारी एवढीच त्यांच्याकडून अपेक्षित असते. पालकांचा विवाह चर्चमध्ये झालेला नसला तरी केवळ त्या कारणाने बाळाचा बाप्तिस्मा नाकारला जात नाही. आशा अजिबातच दिसत नसेल तर कायदा तो पुढे ढकलायला सांगतो, आणि ढकलण्याचे कारण पालकांना सांगायला लावतो.

नावाचे अजिबात मनावर घेऊ नका. १९१७च्या जुन्या संहितेत फादरांनी ख्रिस्ती नाव ठेवले जाईल असे पाहावे, आणि ते जमलेच नाही तर संताचे नाव जोडावे, असे होते. आजची अट एवढीच की नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे. ‘ओवी’ हे तर जात्यावरच्या गाण्याचे आणि भक्तीच्या छंदाचे नाव. वसईपट्ट्यातल्या कॅथलिक घरांत अशी मराठी नावे कितीतरी ऐकू येतात. आईंचा आग्रह असेल तर संताचे एक नाव सोबत जोडता येईल. बारशात पाळण्यात घालून नाव ठेवले म्हणून बाप्तिस्म्यात काहीही उणे होत नाही, आणि बाप्तिस्म्यामुळे बारसे रद्दही होत नाही.

दोन गोष्टी शब्द देण्याआधी दोन्ही बाजूंना सांगून ठेवा. गॉडपेरेंटला मुलीचे कायदेशीर पालकत्व मिळत नाही. ते मृत्युपत्राने आणि १८९०च्या पालक व पाल्य कायद्याने ठरते, चर्चच्या नोंदवहीने नव्हे. आणि एकदा लिहिलेले गॉडपेरेंटचे नाव नंतर खोडता येत नाही. घराच्या वाटणीवरून भांडण झाले, दहा वर्षे बोलणे नाही, आता ते नाव काढा, असा अर्ज घेऊन माणसे येतात. पण त्या दिवशी तो माणूस तिथे उभा होता ही घडून गेलेली गोष्ट आहे, आणि नोंदवही घडून गेलेले लिहिते.

तीन महिने झाले म्हणून फार उशीर झालेला नाही, परंतु कायदा पहिल्या काही आठवड्यांची अपेक्षा ठेवतो, तेव्हा आता आणखी लांबवू नका. हॉल मिळत नाही किंवा केटररची तारीख जुळत नाही म्हणून सहा महिने थांबणारी कुटुंबे पाहिली की मला राहवत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात काही पॅरिशमध्ये बाप्तिस्मे ठेवत नाहीत, तसा सार्वत्रिक निषेध मात्र नाही. देवाच्या कृपेने तुमची मुलगी सुखरूप आहे. पण एखादे बाळ जन्मताच अतिदक्षता विभागात गेले आणि जिवाला धोका असला तर फादरांची वाट पाहू नये. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करण्याच्या हेतूने कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्सदेखील, साधे पाणी बाळाच्या कपाळावर तीनदा ओतत ‘मी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुझा बाप्तिस्मा करते’ असे म्हणू शकते, आणि तो बाप्तिस्मा खरा असतो. बाळ बरे झाल्यावर चर्चमध्ये उरलेले विधी होतात, पाणी मात्र पुन्हा ओतले जात नाही. शब्द बदलू नयेत : ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलेला बाप्तिस्मा वैध नाही, असे रोमने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

त्या दिवशी पांढरा झबला आणि मेणबत्ती गॉडपेरेंटने आणायची, अशी अनेक घरांत पद्धत आहे. मेणबत्ती पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवली जाते, तेव्हा ती जाड आणि धरायला सोपी घ्या. बाळाला आईने धरले तरी चालते, गॉडमदरने धरण्याची तुमच्या घरची रीत असेल तर तीही चालते. झबला बहिणीला शिवू द्या. विधी संपल्यावर फोटोंच्या गडबडीत सटकू नका. कार्यालयात थांबून नोंदवहीतली ओळ स्वतः वाचा, मुलीच्या, तुमच्या आणि पतींच्या नावांची अक्षरे जन्मदाखल्याशी ताडून पाहा, कारण पुढे शाळाप्रवेशाच्या वेळी एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात, आणि मामेभावाच्या नावापुढे ‘प्रतिनिधीमार्फत’ असे लिहिले आहे ना, तेही तिथेच बघून घ्या.